पाच फरश्या कमी

मंगळवार, ४ तारीख

चि. खडू,

विसरायला तुला काही कष्ट पडत नाहीत. हा गुण तू कुणाकडून उचललास ते मी शोधते आहे. आमच्या बाजूचा नाही. शाळेत असताना छत्री विसरायचीस, कॉलेजात चष्मा केसांत खोवून घरभर शोधायचीस, आणि आता फोन कसा उचलतात तेही विसरलीस. सात वेळा लावला. म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून गप्प बसतो. पत्र दारात पडून राहतं, त्याला ओलांडून जायचं तर पाय उचलावा लागतो.

अक्षर तुझ्या आईचं आहे, बोलणं माझं. तिला सांगून ठेवलंय, मी बोलेन ते लिहायचं, तिला पटेल ते नाही. सूनबाई, मला वाचता येत नाही म्हणून गाळलंस तर मला कळणार नाही असं समजू नकोस, पेन किती वेळ चाललं ते मला ऐकू येतं.

(खडू, मी आई. मी फक्त लिहिते आहे. फोन उचल.)

बघितलंस? अजून मजकूर सुरू व्हायचाय आणि सूनबाई कंसात शिरली.

तुझं पत्र शनिवारी आलं. ते आम्ही स्वयंपाकघरात नळ सोडून वाचलं, कारण पलीकडच्या खोलीत तुझे आजोबा डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून पडलेत. डोळे बंद झाल्यापासून त्यांचे कान चौपट झालेत. डॉक्टरने सांगितलंय, तीन आठवडे वाचायचं नाही, वाकायचं नाही, चिडायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी जमल्या.

तर तू लिहितेस, नव्या शाळेतला पहिला मोठा पाठ होता, मागे मुख्याध्यापिका बसल्या होत्या, आणि तू फळ्यावर आजोबांचा आकडा लिहिलास. वर्गाला सांगितलंस की हा आकडा माझ्या आजोबांनी, फरश्या बसवणाऱ्या माणसाने, नऊ वर्षं रोज सकाळी भागून पाहिला आणि तो कशानेच भागला जात नाही. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, सगळे आकडे मिळवले तर साठ होतात. साठला तीनने भाग जातो, म्हणजे ह्यालाही जातो." वर्ग हसला. मुख्याध्यापिका हसल्या. तू मशीनवर घालून पाहिलास, तर मशीनही म्हणालं, जातो.

आणि मग तुझी शेवटची ओळ. सूनबाई ती वाचेचना. मी म्हटलं, वाच, मी काय काचेची आहे? तू लिहिलंयस, "आजोबांनी साध्या तीननेसुद्धा भागून पाहिलं नाही. मग बाकीचे साडेसहा हजार भागाकार तरी केले, की नऊ वर्षं नुसत्या वह्या भरल्या? मी सुट्टीत येणार नाही. त्यांच्यासमोर बसून मला गप्प राहता येणार नाही."

पत्र मी कणकेच्या डब्यात ठेवलंय. तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

सूनबाईलाही हे प्रकरण नीट माहीत नव्हतं, ती लग्न होऊन आली तेव्हा नऊ वर्षं संपून गेली होती. तिला काल समजावलं. तूही ऐक, मास्तरीण झालीस तरी. बारा फरश्या घेतल्या तर तीन बाय चारची खोली होते, दोन बाय सहाचीही होते. तेरा घे. खोली होतच नाही. एकापुढे एक लावत सुटलीस तर नुसता बोळ. तुम्ही शिकलेले लोक त्याला मूळ संख्या म्हणता. मला ते ऐकलं की मूळव्याध आठवते. आमच्या घरात बोळच म्हणतात.

तुझ्या आजोबांचं खूळ एका सोळा बाय सोळाच्या खोलीतून निघालं. दोनशे छप्पन्न फरश्या आल्या आणि उतरवताना पाच फुटल्या. मालक म्हणाला, उरल्यात त्यांची लहान खोली करा, पण तोडायची एकही नाही आणि उरवायचीही एक नाही. ह्यांनी दिवसभर मांडून पाहिलं. दोनशे एक्कावन्न. बोळ! मालकाने दुसऱ्या गवंड्याला बोलावलं आणि ह्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. मग ह्यांनी मनातच दोनशे छप्पन्न बाय दोनशे छप्पन्नचा दिवाणखाना धरला, त्यातून पाच फरश्या काढल्या. एकोणीस रुंदीची खोली निघाली. लांबच लांब, पण खोली. मग त्या अख्ख्या दिवाणखान्यात जेवढ्या फरश्या, तेवढ्या फरश्यांची एकेक बाजू, अशी चौकोनी खोली धरली. एवढी जागा कुणाच्या बापाने पाहिलेली नाही. त्यातून पाच कमी, तोच हा आकडा. आता काय, खोली की बोळ? एवढंच बघायचं होतं. त्याला नऊ वर्षं.

कशाकशाने भागायचं ती साडेसहा हजार आकड्यांची यादी एका छापील कोष्टकातून उतरवून आणली होती. रोज कामावर जायच्या आधी दोन भागाकार. भागाकार पाटीवर, उरलेलं वहीत, मग पाटी पुसायची. तेवढा तासभर घरात कुणी तोंड उघडायचं नाही. मी तोंड उघडायचं नाही! नऊ वर्षं! ह्याची नोंद कुठल्या वहीत आहे का? शेवटी एके दिवशी पाटी पुसली, कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "बोळ." मी म्हटलं, मग आता बोलू?

आता मुद्द्याचं. तुला आकडा मी सांगितला हे खरं. तू फोन केलास तेव्हा ह्यांना ऑपरेशनला नेलं होतं आणि घरात मीच होते. तुला लहानपणापासून शंभरदा ऐकून तो पाठ नाही, आणि मला अक्षरओळख नसून पाठ आहे. हे रोज वही उघडायच्या आधी एकदा मोठ्याने म्हणायचे. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे एकोणनव्वद. बघ, आत्ताही अडखळले नाही. तेव्हा फळ्यावर उतरवताना तूच काही घोळ केला असशील, ते तपास. आजोबांवर येण्याआधी आपल्या खडूकडे बघावं.

उत्तर पाठव.

तुझी आजी


शनिवार, ८ तारीख

चि. खडूस,

लहानपणी आजोबांच्या फरशीवर खुणा करायचे खडू खायचीस म्हणून खडू. आता पत्राचं उत्तर म्हणून नुसता कागदाचा तुकडा पाठवतेस म्हणून पुढे स लावला. "आजी, तू सांगितलास तोच लिहिला होता. माझ्या वहीत तुझे शब्द जसेच्या तसे आहेत." एवढंच. तब्येत कशी, डोळा कसा, काही नाही.

बरं. मग आम्ही वह्या काढायचं ठरवलं.

वह्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, ट्रंक खाटेखाली आहे, आणि खाटेवर तुझे आजोबा आहेत. सूनबाई पोटावर सरपटत गेली. ट्रंक कुरकुरली.

"कोण आहे?"

"मी आहे. जुनी रजई शोधतेय."

"ती तू फाडून पुसणी केलीस. वीस वर्षं झाली."

"मग पुसणं शोधतेय. झोपा."

चौदा वह्या निघाल्या. आम्हाला वाटलं पहिल्याच पानावर तो आकडा असेल, तुझ्याशी ताडून बघू, मिटलं. तर आकडा कुठेच नाही! रोज तोंडाने म्हणायचा तो लिहायचा कशाला, असं असेल. भागाकार पाटीवर पुसले गेलेत. वहीत फक्त कशाने भागलं आणि किती उरलं. ओळींवर ओळी, मुंग्यांसारख्या. सूनबाईने पहिली वही उघडून वाचली, "दोन, उरला एक. तीन, उरले दोन. पाच, उरला एक. सात, उरले सहा."

मी म्हटलं, थांब. तीनपुढे काय?

"उरले दोन."

म्हणजे तीनने भागून पाहिलंच नाही हा तुझा आरोप खोटा. दुसऱ्याच ओळीत पाहिलंय. माझा जीव थोडा खाली आला आणि लगेच परत वर गेला, कारण तुझ्या त्या मुलीच्या म्हणण्याप्रमाणे तिथे काही उरायलाच नको. सूनबाईने मी सांगितलेला आकडा लिहून मिळवला. साठ. तिचं ऐकून मी विश्वास ठेवणार नव्हते, म्हणून साठ काड्या मोजून घेतल्या आणि तीन-तीनाचे गठ्ठे केले. वीस गठ्ठे झाले, हातात काडी उरली नाही. पेटीतून एखादी पडली असेल म्हणून जमीनही चाचपून पाहिली.

(मीही दोनदा मिळवले. साठच. — आई)

मग हे उरलेले दोन आले कुठून? तीनने भागायला काही नऊ वर्षं लागत नाहीत. जो माणूस दुसऱ्याच ओळीत चुकतो, त्याच्या पुढच्या साडेसहा हजार ओळींचं काय घेऊन बसलीस?

आता एक गोष्ट सांगते. सांगायची नव्हती. सूनबाई, लिही, बघू नकोस माझ्याकडे.

त्या नऊ वर्षांत काही सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा हे वहीवर डोकं ठेवून झोपलेले होते. उठवून कामावर पाठवलं. नंतर पाटी उचलली तर कोरडी. हात फिरवला, खडूचा कणही नाही, ओलं फडकं फिरल्याची खूणही नाही. आणि वहीत दोन नव्या ओळी होत्या. मला वाचता येत नाही, पण काल कुठपर्यंत शाई होती आणि आज कुठपर्यंत आहे ते कळायला शाळेत जावं लागत नाही. असं एकदा नाही, बऱ्याचदा झालं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि "हो" म्हणाले असते तर मी त्या गप्प बसलेल्या तासांचं काय करायचं? फरशीच्या कारखान्यात मी छटा निवडायला होते. एकसारख्या दिसणाऱ्या हजार फरश्यांतली एक पिवळट वेगळी काढायची, हे माझं काम. माझे डोळे चुकत नाहीत. त्या सकाळी मला वाटलं, ही फरशी पिवळट आहे. आणि मी ती चळतीत तशीच ठेवून दिली. चाळीस वर्षं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुझ्यावर चिडले ते म्हणून. तू नवीन काही लिहिलं नव्हतंस.

(हे ऐकून मी पेन खाली ठेवलं होतं. आजी म्हणाल्या, उचल. एक मला विचित्र वाटलं ते लिहिते: वहीत काही ओळींपुढे छोटा चौकोन काढलाय. कशाचा, ते कळत नाही.)

आता एकच वाट राहिली. ह्यांच्या तोंडून तो आकडा वदवून घ्यायचा, तोही न चिडवता. तू बघ, तुझ्यामुळे मला काय काय करावं लागतंय.

आजी


गुरुवार, १३ तारीख

खडू बाळा,

बस आणि मग वाच. उभी असलीस तर बस.

मी एक डाव रचला होता. सरळ विचारलं असतं तर हे म्हणाले असते, "कशाला हवाय?" आणि मग कणकेच्या डब्यापर्यंत सगळं बाहेर आलं असतं. पण तुझ्या आजोबांची एक खोड आहे, दुसऱ्याने चुकीचं बोललेलं त्यांना सहन होत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्या मामाने बैठकीच्या खोलीचं माप चुकीचं सांगितलं तर भर माणसांत दुरुस्त केलं होतं. म्हणून मी ठरवलं, आपण आकडा मुद्दाम चुकवून म्हणायचा. सदुसष्ट हजारच्या जागी अडुसष्ट हजार. ते फणकारून बरोबर काय ते म्हणतील, सूनबाई दाराआड कागद घेऊन उभी राहील, आणि आपण तो तुझ्या आकड्याशी ताडून पाहू.

दुपारी त्यांच्या उशाशी जाऊन बसले. डोळ्यात औषध घातलं. इकडचं तिकडचं बोलले.

"अहो, तुमचा तो आकडा मला अजून पाठ आहे बरं का."

"असेल."

"म्हणून दाखवू?"

"मी नाही म्हटलं तर गप्प बसणार आहेस?"

मी म्हटलं. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, अडुसष्ट हजार, दोनशे एकोणनव्वद. आणि वाट बघत बसले.

म्हातारा ताडकन उठून बसला. वाकायचं नाही, चिडायचं नाही, सगळं गेलं खड्ड्यात.

"सदुसष्ट! सदुसष्ट हजार! आणि दोनशे एक्याण्णव! एका दमात दोन चुका!"

खडू, मी एक चूक करायला गेले होते.

मी म्हटलं, "एकोणनव्वद."

"एक्याण्णव!"

"अहो, नऊ वर्षं ह्या कानांनी ऐकलंय. एकोणनव्वद."

"नव्वदच्या पुढे एक की मागे एक, तेवढं तरी? एकोणनव्वद असेल तर तीनने भाग जातो, अगं आंधळ्यालासुद्धा दिसेल! माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे आणि मला दिसतंय!"

दाराआड काहीतरी पडलं. तुझ्या आईच्या हातातलं पेन. ती तशीच जमिनीवर बसली आणि मिळवायला लागली, पुटपुटतेय, मधेच चुकतेय, परत पहिल्यापासून. मग आत आली आणि म्हणाली, "त्रेपन्न."

"कोण?" हे म्हणाले.

"बेरीज, मामंजी. त्रेपन्न येते. तीनने भागलं तर दोन उरतात."

"मग? दुसऱ्या ओळीत लिहिलंय मी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बघ हं, म्हणून बघ मोठ्याने. एकोणतीस कोटी. एकोणपन्नास लाख. दोन एकोण लागोपाठ आले की जीभ तिसऱ्या एकोणाकडे आपोआप घसरते. एक्याण्णवचं कधी एकोणनव्वद झालं, ते मला कळलं नाही. किती वर्षं मी तो तसाच म्हणत असेन कोण जाणे. ज्याला लिहिता येतं तो कागदावर बघून थांबला असता. माझ्याकडे कागद नाही, नुसती जीभ, आणि तिला हाड नाही. पहिल्या पत्रात मी तुला फुशारकीने लिहिलं होतं की अडखळले नाही. अडखळले असते तर बरं झालं असतं. चूक माझी आहे. फळ्यापुढे तू लाजलीस ती माझ्यामुळे. हे सूनबाईला दोनदा लिहायला सांगितलं होतं, ती म्हणते एकदा पुरे.

(एकदा पुरे. पण त्यांनी खरंच दोनदा सांगितलं. बरोबर आकडा मी नीट अंकांत लिहिते: ४२९४९६७२९१.)

मग अर्थात सगळं सांगावं लागलं. कणकेचा डबा आला, तुझं पत्र आलं, सूनबाईने वाचलं, शेवटच्या ओळीसकट. मी म्हटलं होतं ती गाळ. तिने गाळली नाही. म्हणाली, "आई, तुम्हीच सांगितलंय गाळायचं नाही." सुनेला शिकवावं तर हे असं होतं.

हिरव्या पट्टीखाली माणसाचा चेहरा काय वाचणार? मला वाटलं, गेलं. डोळाही गेला आणि नातही गेली. मग म्हणाले, "त्या मुलीने मनातल्या मनात मिळवलं?"

"हो म्हणे."

"दहा आकडे? भर वर्गात?"

"हो."

"खडूला लिहा, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी दे म्हणावं. बाकीच्यांनी फळ्यावर विश्वास ठेवला."

तुझ्यावर एक शब्द नाही. मी म्हटलं, आणि नातीला काही? तर म्हणाले, "तिने तपासलं ना? मग झालं. न तपासता मान डोलावली असती तर मी चिडलो असतो."

इथे मी थांबायला हवं होतं. आकडा बरोबर निघाला, तीनचं उत्तर बरोबर निघालं. पण चाळीस वर्षं चळतीत ठेवलेली ती पिवळट फरशी एकदा हातात आली की परत ठेवता येत नाही. मी विचारलं. म्हटलं, काही सकाळी तुम्ही झोपलेले असायचात, पाटी कोरडी असायची, आणि वहीत दोन ओळी असायच्या. त्या कुठून यायच्या?

"चौकोनाच्या ओळी," हे म्हणाले.

सूनबाई माझ्याकडे बघायला लागली.

"मोठं काम असलं की कंत्राटदार पहाटेच बोलवायचा, सकाळी वेळ मिळायचा नाही. मग आदल्या दिवशी कामावरच करून ठेवायचो, दुपारच्या सुट्टीत. पाटी कुठली तिथे? फरशी उलटी करायची आणि पाठीवर पेन्सिलने भागायचं. उरलेलं खिशातल्या चिठ्ठीवर, आणि सकाळी वहीत. फरशीवर केलं म्हणून पुढे चौकोन."

"आणि त्या फरश्या?"

"फरश्यांचं काय करतात? बसवल्या."

खडू, मी हसायला लागले ती थांबेना. ह्या गावात किती घरांत, दवाखान्यात, त्या मोठ्या बँकेच्या दालनात, लोक चपला घालून ह्या माणसाच्या भागाकारांवरून चालतायत. वरून गुळगुळीत फरशी, खाली चुन्यात तोंड खुपसून गणित पडलेलं. आणि मी समजत होते, हा माणूस मला नऊ वर्षं फसवतोय.

त्यांना मी हे सांगितलं. म्हटलं, मला वाटायचं तुम्ही नुसत्याच ओळी भरता. ते म्हणाले, "मग विचारलं का नाहीस?" मी म्हटलं, "बोलायची परवानगी नव्हती."

आता तुझं काम. तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, माझ्या जिभेचं बघितलंस ना. त्यांच्यावरही ठेवू नकोस. सूनबाई वहीतल्या चार ओळी उतरवून देतेय, तीन तिनेच डोळे मिटून बोट ठेवून निवडल्या, चौथी शेवटची. बरोबर आकडा मशीनवर घाल आणि बघ.

(१२७, उरले ११. २५७, उरले २५३. ८१९१, उरले ५९. ह्या ओळीपुढे चौकोन आहे. आणि अगदी शेवटची: ६५५२१, उरले २२०. पाचवी ओळ तूच सांग, मी वहीत बघून कळवते. पहिली मी स्वतः करून पाहिली, चार पानं गेली. बरोबर आहे. — आई)

ती चौकोनाची ओळ आधी तपास. बाकीच्या जमतील तेव्हा.

आजी


बुधवार, २६ तारीख

चि. खडू,

शेवटी तुझ्या फोनला वाचा फुटली. पण तू रडत होतीस आणि तुझे आजोबा "काय? काय?" करत होते, त्यामुळे मला काही नीट ऐकू आलं नाही. तुझं पत्र बरं होतं. सूनबाईने तीनदा वाचलं, चौथ्यांदा मी पाठ म्हणून दाखवलं. हो, आता पाठ म्हणताना ती समोर कागद धरून बसते, दुरुस्त करायला. एकदा जीभ घसरली की माणसाला कायमचा पहारा बसतो.

चौकोनाची ओळ जमली, हे वाचलं तेव्हा मी गॅस बंद करून बाहेर पायरीवर जाऊन बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं नुसतीच म्हण वापरत होते. एकोणसाठ उरतात. उरायलाच हवेत तेवढे. कुठल्या तरी घरात जमिनीखाली ते लिहिलेलं आहे.

पाचवी ओळ तू एकतीसची विचारलीस. सूनबाईने बघितली, उरले तीस. तुझ्या मशीनचंही तीस. दोघांचं जमलं, आता त्यांचं लग्न लावून द्या.

मशीनने साडेसहा हजार भागाकार डोळ्याचं पातं लवायच्या आत केले आणि सांगितलं, मूळ संख्या, हे ह्यांना सांगायचं की नाही यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मीच सांगितलं. वाटलं, खट्टू होतील. म्हणाले, "बोळच म्हणालं ना?" म्हटलं, बोळच. म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं होतं, एखाद्या मोठ्या आकड्याला चुकलो असेन. कधी कधी रात्रभर वाटायचं." म्हणजे बघ, इतकी वर्षं मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि तेही स्वतःवर घेत होते, एकाच खाटेवर, पाठीला पाठ लावून. आणि मशीनच्या घाईबद्दल म्हणाले, "त्याला कुठे नंतर कामावर जायचं होतं?"

पट्टी सुटली. उजव्या डोळ्याने सगळं दिसतंय. पहिली गोष्ट काय बघितली असेल? मी नाही. दवाखान्याची जमीन. म्हणाले, "ही ओळ वाकडी बसवलीय, माझी नाही."

तू वर्गात परत तोच आकडा लिहिलास, हे मला सगळ्यात आवडलं. आणि वर्गाला खरं सांगितलंस की मागच्या वेळी आजीची जीभ घसरली होती. त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीने पुन्हा मिळवलं, म्हणाली, "त्रेपन्न. आता नाही जात," आणि मग हात वर करून विचारलं, "बाई, पण सातने?" तू म्हणे तिला खडू देऊन फळ्यावर बोलावलंस आणि मुख्याध्यापिका तास संपला तरी उठल्या नाहीत. ह्यांना वाचून दाखवलं तर ह्यांनी उशाखालून एक कागद काढला. त्या मुलीसाठी लिहून ठेवलेला: सतरा, उरले तेरा. म्हणतात, सातचं तिला जमेल, पुढचं हे सांगा आणि तिला तपासू दे. पत्रासोबत पाठवतेय. अक्षर कापरं आहे, डोळा नवा आहे.

सुट्टीत येते म्हणालीस. ये. आलीस की तुला त्यांच्यासमोर बसून गप्प राहायची गरज नाही. घरात गप्प बसायचा कायदा मी मोडून काढलाय. आणि त्यांच्यासमोर रडू नकोस, त्यांना कळत नाही काय करायचं, मग ते उठून कुठलातरी नळ दुरुस्त करायला लागतात.

(पंधरा तारखेची गाडी बघ. तुझे बाबा घ्यायला येतील. त्यांना आता सगळं सांगितलंय, त्यामुळे गल्लीलाही माहीत आहे. — आई)

तू विचारलंस, आजोबांसाठी काय आणू. येईपर्यंत थांबू नकोस, आधी पार्सलने पाठव. सुके अंजीर. दोऱ्यात ओवलेले नकोत, ते चामड्यासारखे असतात आणि माझे दात गेल्या वर्षीच रजेवर गेलेत; सुटे, मऊ, बोटाने दाबून बघ. पाव किलो पुरेत. डॉक्टरने ह्यांना गोड बंद केलंय, म्हणून पुडक्यावर नाव माझं घाल. मला ते वाचता येणार नाही, पण पुडकं सोडता येतं.

तुझी आजी